हरवलेल्या विहिरीतला फुटबॉल

"विहीर नाही? मग माझा बॉल पडला कुठे, तुझ्या डोक्यात?"

ॲश्टन मिस्किटा एवढ्या जोरात ओरडला की जिन्याखाली झोपलेलं मांजर उठून चालतं झालं. प्रांजलने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. रवळनाथ सोसायटीची मीटरची खोली ही काही गुप्त बैठकीसाठी फार झकास जागा नव्हती. उकाडा मरणाचा, जागा तिघांना जेमतेम, आणि बाहेर दहा पावलांवर प्रांजलचे आजोबा खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. ॲश्टन सोसायटीच्या आवारात सापडला असता तर त्याची वाट लागलीच असती, शिवाय प्रांजलची आणि सिद्धेशचीही लागली असती.

खरं म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत या तिघांनी मीटरच्या खोलीत घामाघूम व्हायचं काही कारणच नव्हतं. भांडुपच्या पुढे आणि मुलुंडच्या अलीकडे उंबरपाडा नावाचं जुनं गावठाण आहे. तिथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक राहतात, म्हणजे मुंबईचे मूळचे गावकरी. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी आणि भांडायलाही मराठीच. गावठाणाला लागून एक मैदान, आणि मैदानापलीकडे रवळनाथ सोसायटी. सोसायटीतले लोक कोकणातले. पूर्वी इथे गिरणीत कामाला जाणाऱ्यांची चाळ होती, आता सात मजली इमारत झाली आहे. दोन्हीकडच्या पोरांची मिळून एक फुटबॉल टीम होती. प्रांजल घाडी, वय तेरा, गोलकीपर. तिच्यापुढे बॅकला ॲश्टन. सिद्धेश फॉरवर्ड, पण त्याचा पाय कमी आणि तोंड जास्त चाले, कारण खेळता खेळता स्वतःच्याच खेळाची कॉमेंट्री करायची त्याला खोड होती. जूनमध्ये उपनगरांची स्पर्धा होती आणि यंदा कप आपलाच, असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

आणि मग ते स्टेडियम आलं.

फुटबॉलचं स्टेडियम होणार, तेही आपल्या दारात, म्हटल्यावर पोरं नाचली. पण ते बांधायचं कुठे यावरून मोठ्यांचं जे बिनसलं ते बिनसलंच. जागा दोन होत्या. एक उंबरपाड्याचं मैदान, आणि दुसरी बंद पडलेल्या काडेपेटीच्या फॅक्टरीची. सोसायटीचे पुढारी म्हणजे प्रांजलचे काशीराम आजोबा. त्यांचं म्हणणं, फॅक्टरीच्या जागेवर दवाखाना हवा, आजारी माणसाला घेऊन दर वेळी किती लांब धावायचं? स्टेडियम मैदानात बांधा. गावठाणाचे पुढारी ॲश्टनचे डॅडी, ॲम्ब्रोज. त्यांचं म्हणणं, मैदान आमच्या बापजाद्यांचं आणि त्यात आमची विहीर, तेव्हा स्टेडियम फॅक्टरीत न्या. म्हणजे बघायला गेलं तर खरं दोघांचंही. पण मोठी माणसं एकदा भांडायला लागली की खरं कोणाचं हे बघायला वेळ कोणाला असतो! आधी हाका बंद झाल्या, मग नमस्कार बंद झाले, आणि शेवटी पोरांना ताकीद मिळाली की त्यांच्या पोरांबरोबर खेळायचं नाही. अकरा जणांच्या टीमचे सहा इकडे आणि पाच तिकडे. सहा जणांत फुटबॉल खेळून बघा म्हणजे कळेल.

शनिवारी संध्याकाळी मैदानातच स्टेडियम समितीची सुनावणी होती. निकाल लागणार होता एका सर्वे कंपनीच्या रिपोर्टवर. सिद्धेशचे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे रिपोर्टची एक प्रत त्यांच्या टेबलावर होती. मंगळवारी सकाळी ती सिद्धेशच्या शर्टाच्या आत होती.

"'जागेवर विहीर, तलाव अथवा अन्य जलस्रोत आढळला नाही,'" सिद्धेशने नववं पान पुन्हा वाचलं. "आणि खाली नियम दिलाय. पाण्याची विहीर असेल तर ती जागा बाद. नसेल तर मैदानाला शंभरपैकी ब्याण्णव मार्क. फॅक्टरीला साठ."

विहीर नाही म्हणे! मार्चच्या शेवटी प्रांजलने उडी मारून अडवलेला बॉल तिच्याच हातावरून उसळून त्या विहिरीत गेला होता. निळ्या पट्ट्यांचा, ॲश्टनच्या वाढदिवसाचा. शनिवारी या रिपोर्टवर शिक्का बसला की विहीर बुजणार, मैदान जाणार, आणि ॲश्टनच्या घरचे लोक रवळनाथच्या माणसांशी जन्मात बोलणार नाहीत. टीमचं तर नावच नको. स्टेडियम तिलाही हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण ज्यात खेळायला आपली टीमच नाही ते स्टेडियम काय चाटायचंय?

ॲश्टनच्या मते हे सरळ सरळ कारस्थान होतं, आणि त्याचे डॅडीही गावभर तेच सांगत होते. पण प्रांजलला काही ते पटेना. पेन लपवता येतं, चप्पल लपवता येते, आख्खी विहीर कोण आणि कशी लपवणार? तिने पानावरचा फोटो नाकाजवळ धरला. फोटो लहान आणि पुसट होता. मागे उंबराचं झाड, पुढे जमिनीपासून गुडघाभर उंच असा एक लालभडक चौकोन. खाली ओळ होती : मैदानाच्या कडेला मिरच्या वाळवण्याचा ओटा. काढून टाकता येईल. आणि फोटोच्या कोपऱ्यात काहीतरी काळं, गोलसर डोकावत होतं.

"हे काय आहे रे? कोणाचं बोट आलंय का?"

"बोट नाही," सिद्धेश म्हणाला. "गाडीचा आरसा आहे. बाजूचा."

म्हणजे फोटो गाडीतून काढलेला! आजोबा पेपर आडवा धरून पेंगायला लागल्याबरोबर तिघं मागच्या गेटने सटकले आणि मैदानाच्या कडेच्या रस्त्यावर आले. सिद्धेशने पानाचा फोटो मोबाइलवर काढून घेतला होता. तो हातात धरून प्रांजल पुढे-मागे सरकत राहिली, उंबराचं झाड फोटोत होतं तसं दिसेपर्यंत. उसाच्या रसाच्या गाडीजवळ ते बरोब्बर जुळलं. तिने समोर पाहिलं. लाल चौकोन तसाच होता, आणि ती विहीर आहे असं इथे रस्त्यावर उभं करून कोणी सांगितलं असतं तर तिलाही खरं वाटलं नसतं.

उंबरपाड्याची विहीर जुनी, तिचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. पाणी आता घरोघरी नळाला येतं, त्यामुळे विहीर लागते ती फक्त लग्नाला. ईस्ट इंडियन लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून, लाल चौकटीची लुगडी नेसून बायका विहिरीवर जातात आणि नवऱ्या मुलीच्या अंघोळीचं पाणी काढून आणतात. त्याला म्हणतात उंबराचं पाणी. पण ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवासाचे, त्यात लग्नं होत नाहीत. मग विहीर रिकामी कशाला ठेवायची? एप्रिल लागला की कठड्यावर जाड फळ्या टाकायच्या, वर चटया, आणि चटयांवर बाटली मसाल्याच्या, म्हणजे कुटून वर्षभरासाठी बाटल्यांत भरायच्या मसाल्याच्या मिरच्या. एका घराच्या वाळल्या की दुसऱ्या घराच्या, ईस्टरनंतर गावातलं पहिलं लग्न येईपर्यंत. ऊन भरपूर, धूळ नाही, कोंबड्या चढत नाहीत. ॲश्टनची एथेल आजी हे गेली चाळीस वर्षं करत होती. गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं की मिरच्यांखाली विहीर आहे. आणि ज्याला त्याला ठाऊक असल्यामुळेच, परक्या माणसाला ते दिसणार नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

ॲश्टनने डोक्याला हात लावला. "कारस्थान नाही यार," तो म्हणाला. "मिरच्या."

एथेल आजी सत्तरीच्या, अंगाने किरकोळ आणि तोंडाने तिखट. त्यांना विचारलं तेव्हा सर्वेवाले त्यांना चांगलेच आठवले. एप्रिलच्या दहा तारखेला एक साहेब गाडीतून उतरून बुटासकट मिरच्यांकडे यायला निघाला, तेव्हा आजींनी काठी उगारून त्याला जो पिटाळला तो परत गाडीत जाऊन बसला. हे त्या मोठ्या अभिमानाने सांगत होत्या. प्रांजलने मोबाइल पुढे केला. आजींनी चष्मा चढवून फोटो पाहिला, खालची ओळ वाचली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ओटा?" त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या आजीच्या लग्नाचं पाणी काढलं त्या विहिरीला ओटा म्हणाला तो? आणि मीच काठी दाखवून पाठवला त्याला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ॲश्टनला काय करावं कळेना. आजीला रडताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

पण डॅडींना सांगितल्यावर तर भलतंच झालं. ॲम्ब्रोज अंकलनी शनिवारच्या भाषणात कारस्थान या शब्दावर चार पानं लिहून ठेवली होती. आता उठून, आमच्याच मिरच्यांनी आमची विहीर गिळली, असं सांगायचं? सगळी सोसायटी पोट धरून हसेल, आणि तो काशीराम घाडी सगळ्यांत पुढे! त्यांनी साफ बजावलं की मिरच्यांचा विषय कोणी काढायचा नाही आणि विहिरीला कोणी हात लावायचा नाही. एवढंच काय, शनिवारीच पुतणीच्या, म्हणजे फ्लेवियाच्या लग्नाचं उंबराचं पाणी होतं, ते पण यंदा नळावरून भरून घ्या, सुनावणीच्या दिवशी तमाशा नको, असा हुकूम सोडला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांचं म्हणणं. मूठ झाकून ठेवली की विहीर बुजेल, हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं की ते आणून घेत नव्हते, देव जाणे.

तेव्हा ठरलं की मोठ्यांच्या नादाला लागायचं नाही. योजना प्रांजलची होती. सुनावणीत नववं पान निघालं की नेमकं त्याच वेळी उंबराच्या पाण्याची मिरवणूक विहिरीवर आली पाहिजे. फ्लेविया दीदीला विचारलं तर ती आनंदाने उडालीच. नळाच्या पाण्याने अंघोळ करून लग्नाला उभं राहायचं म्हणून ती दोन दिवस फुगून बसली होती. बँडवाल्यांना तासभर आधी बोलावणं हे काम तिने स्वतःकडे घेतलं.

अडचण एकच उरली. मिरच्या तीस किलो, आणि त्यांना अजून दोन उन्हं हवी होती. फळ्या उचलायच्या तर मिरच्या जायच्या कुठे? सावलीत ठेवल्या तर बुरशी धरणार, आणि तीन घरांचा वर्षाचा मसाला वाया जाणार.

"आजी, आमच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं," प्रांजल म्हणाली.

रवळनाथच्या गच्चीवर आपल्या मिरच्या, हे आजींच्या गळी उतरायला जरा वेळ लागला. मग त्या उठल्या आणि रिकाम्या गोण्या आणायला आत गेल्या.

गुरुवारी दुपारी दोन वाजता, दोन्हीकडची मोठी माणसं जेवून आडवी झाली असताना, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा अख्खी टीम मैदानात उतरली. अकरा जण, नाकाला रुमाल, खांद्यावर फुटबॉलच्या किटच्या बॅगा आणि बॅगांत मिरच्या. सिद्धेशने बाबांच्या कपाटातून गच्चीची किल्ली लांबवली होती. रुमालाआडूनही त्याची कॉमेंट्री चालू होती, पण दर दोन शब्दांनी शिंक येत असल्यामुळे कोणाला काही कळत नव्हतं. तीन खेपांत काम फत्ते! रिकाम्या फळ्यांवर एथेल आजींची जुनी लाल चादर ताणून बसवली. रस्त्यावरून पाहिलं तर मिरच्याच.

चादर बसवण्याआधी प्रांजलने दोन फळ्यांच्या फटीतून एक खडा आत सोडला. जरा वेळाने खालून आवाज आला, डुबुक. ॲश्टनने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की ती कळवळली.

शुक्रवारी मात्र घात झाला. सकाळी काशीराम आजोबा टाकी बघायला म्हणून गच्चीवर गेले, आणि सात मजले ऐकू जातील अशा शिंका सुरू झाल्या. प्रांजल धापा टाकत वर पोचली तेव्हा आजोबा लाल मिरच्यांच्या मधोमध उभे होते.

"ह्यो मसालो कोणाचो गो?" त्यांनी विचारलं. आजोबा घाईला आले की मालवणीवर येत.

खोटं बोलायचं प्रांजलच्या जिभेवर आलं होतं. पण आजोबांशी ती कधी खोटं बोलली नव्हती. तिने सगळं सांगून टाकलं, रिपोर्ट, फोटो, आरसा, चादर, सगळं. सांगताना तिला रडू यायला लागलं, कारण ती आपल्याच आजोबांच्या विरुद्ध गेली होती आणि तरीही तिला आपलं चुकलं असं वाटत नव्हतं, तेही तिने रडत रडतच सांगितलं. आजोबा गच्चीच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले की दवाखाना त्यांना हवाच आहे, आणि तो फॅक्टरीच्या जागेवरच हवा आहे. उद्या ते तिच्या बाजूने बोलणार नाहीत आणि विरुद्धही बोलणार नाहीत. एवढं बोलून ते खाली गेले. जाता जाता त्यांनी वाकून कडेच्या चार मिरच्या उन्हात सरकवल्या, ते प्रांजलने पाहिलं.

शनिवारी पाच वाजता मैदान गच्च भरलं. डावीकडे सोसायटी, उजवीकडे गावठाण, मधे एवढी वाट मोकळी की तिथून बैलगाडी गेली असती. टेबलामागे समितीच्या अध्यक्ष क्षमा रेगे मॅडम बसल्या होत्या, आणि त्यांच्या बाजूला सर्वे कंपनीचे देवव्रत साहेब, कडक इस्त्रीचे, सारखे रुमालाने कपाळ टिपणारे. ॲम्ब्रोज अंकलनी कारस्थानाची पहिली दोन पानं वाचली. सोसायटीतून शिट्ट्या झाल्या. मॅडमनी टेबल वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि साहेबांना नववं पान वाचायला सांगितलं.

उंबराच्या झाडावर बसलेल्या सिद्धेशने तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली.

गावठाणाच्या गल्लीतून ढोल वाजला, त्यावर ट्रंपेट चढलं, आणि उंबराच्या पाण्याची मिरवणूक वळणावरून बाहेर पडली. पुढे बँड, मागे लाल चौकटीच्या लुगड्यांतल्या पंधरा-वीस बायका, आणि सगळ्यांच्या पुढे डोक्यावर तांब्याची कळशी घेतलेल्या एथेल आजी. सोसायटी आणि गावठाण यांच्या मधल्या मोकळ्या वाटेने त्या सरळ टेबलापर्यंत आल्या. ॲम्ब्रोज अंकल खुर्चीवरून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. आजींनी हात वर केला तसा बँड थांबला.

"मॅडम, पाणी न्यायला आलोय," आजी म्हणाल्या. "विहिरीचं. यांच्या कागदात नाही ती विहीर. तिच्यावर माझ्या मिरच्या होत्या, म्हणून यांना दिसली नाही. चूक माझी आहे, माझ्या गावाची नाही. पण यांनी विचारलं असतं, बाई, ह्या कशावर वाळत घातल्यात, तर मी सांगितलं असतं. यांनी गाडीतून फोटो काढला आणि गेले."

सोसायटीतून हसू फुटलं, मग गावठाणातूनही फुटलं. ॲम्ब्रोज अंकलच्या कानांच्या पाळ्या मिरच्यांच्या रंगाच्या झाल्या. देवव्रत साहेबांनी कपाळ टिपलं आणि सावरून घेत सांगितलं की असेलही एखादी जुनी विहीर, पण मे महिन्यात अशा विहिरी ठणठणीत कोरड्या असतात. नियम पाण्याच्या विहिरीचा आहे, खड्ड्याचा नाही. त्यामुळे रिपोर्टमध्ये काही फरक पडत नाही.

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. प्रांजल उठून टेबलापाशी कधी गेली हे तिलाही कळलं नाही.

"मॅडम, या विहिरीत आमचा फुटबॉल पडलाय," ती म्हणाली. "मार्चमध्ये. विहीर कोरडी असेल तर बॉल तळाला पडलेला असेल. पाणी असेल तर तो तरंगत असेल. तुम्ही स्वतः येऊन बघा ना. गाडीतून नाही दिसणार."

क्षमा मॅडमनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा या घामाने निथळणाऱ्या मुलीकडे पाहिलं, आणि चष्मा सारखा करून उठल्या.

टीमने लाल चादर ओढून काढली. फळ्या मात्र सागवानी, पोरांना रेटेनात. तेवढ्यात सोसायटीच्या बाजूने कोणीतरी ताडताड चालत आलं आणि फळीच्या एका टोकाला हात घातला. काशीराम आजोबा! समोरून दुसऱ्या टोकाला ॲम्ब्रोज अंकलनी हात घातला. दोघं एकमेकांकडे न बघता फळ्या उचलत राहिले. शेवटची फळी निघाली तशी कलती उन्हं विहिरीत उतरली.

मॅडम वाकल्या, आणि त्यांच्यामागे सगळं मैदान वाकलं. खाली, पंधरा-वीस फुटांवर, गार काळ्याशार पाण्यावर निळ्या पट्ट्यांचा एक बॉल निवांत तरंगत होता.

"तरंगतोय," मॅडम म्हणाल्या.

पुढची पाच मिनिटं कोणाचं कोणाला ऐकू आलं नाही. बँडवाल्यांनी कोणी न सांगताच वाजवायला सुरुवात केली. सिद्धेश झाडावरून, गोल, गोल, असं ओरडता ओरडता खाली पडला आणि लागलं असूनही नाचत राहिला. देवव्रत साहेब काहीतरी पुटपुटत होते की पाणी केव्हापासून आहे हे तपासावं लागेल, वापरात आहे का बघावं लागेल. तेव्हा काशीराम आजोबा त्यांच्याकडे वळले.

"ह्या बावीक पाणी आसा," ते म्हणाले. "आमच्या चाळीत नळ नव्हतो तेव्हा माझ्या रुक्मिणीन बारा वर्सां हंयसून पाणी भरल्यान. एका मे महिन्यात पण रिकामी कळशी घेऊन घरी नाय इली. दोर ह्या एथेलबायचो असायचो. मी इसरललंय. माझी चूक."

एथेल आजींनी पदराने डोळे पुसले आणि दोराचं भेंडोळं आजोबांच्या पुढे धरलं. आजोबांनी दोर घेतला, बादली बांधली, पण सोडली नाही. त्यांनी प्रांजलला जवळ बोलावून दोर तिच्या हातात दिला. घट्ट धर, म्हणाले, तुझी आजी असाच धरायची. रुक्मिणी आजीला प्रांजलने फक्त फोटोत पाहिलं होतं. तिने दोर धरला आणि बादली खाली सोडली. बादली जड होऊन वर आली तेव्हा तिच्यात पाणी होतं, आणि पाण्यावर बॉल होता. गोलकीपरने या खेपेला तो सुटू दिला नाही.

निकाल त्याच टेबलावर झाला. रिपोर्टच्याच नियमाने मैदान बाद. स्टेडियम फॅक्टरीच्या जागेत, आणि जागा ऐसपैस असल्यामुळे रस्त्याकडचा कोपरा दवाखान्यासाठी राखावा, अशी नोंद क्षमा मॅडमनी स्वतःच्या हाताने केली. काशीराम आजोबांनी ती दोनदा वाचून घेतली. देवव्रत साहेबांना सांगितलं गेलं की फॅक्टरीची जागा पुन्हा मोजायची, आणि या वेळी पायी. मग मॅडमनी अकरा पोरांना समोर उभं केलं. आमच्या रिपोर्टला चव्वेचाळीस पानं आहेत, त्या म्हणाल्या, पण जागेवर जाऊन बघितलं ते फक्त या मुलांनी. टाळ्या दोन्ही बाजूंनी पडल्या आणि मधली मोकळी वाट कुठे होती ते कोणाला सांगता आलं नसतं.

फ्लेविया दीदी विहिरीच्या पाण्याने न्हाऊन रविवारी लग्नाला उभी राहिली. रवळनाथ सोसायटी झाडून सगळी हजर होती. मिरच्यांना दोन्ही उन्हं मिळाली होती, रंग असा चढला होता की एथेल आजींनी पुढच्या वर्षीची गच्ची आत्ताच सांगून ठेवली. कुटून झाल्यावर मसाल्याची पहिली बाटली त्यांनी प्रांजलच्या हातात ठेवली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. गावातल्या मुलीला देतात तशीच दिली. कठड्यावर आता सिद्धेशने रंगवलेली पाटी आहे : ही विहीर आहे. मिरच्या वाळत घालू नयेत.

सोमवारी संध्याकाळी अख्खी टीम पुन्हा मैदानात होती. विहिरीजवळच्या बाकाच्या एका टोकाला काशीराम आजोबा, दुसऱ्या टोकाला ॲम्ब्रोज अंकल. मधे बाटली मसाला भारी की मालवणी, यावर वाद रंगात आलेला. तेवढ्यात सिद्धेशने मारलेला बॉल गोलपोस्ट सोडून, प्रांजलला सोडून, सरळ विहिरीच्या दिशेने सुटला. दोघे बाकावरून एकदमच उठले आणि धावले. बॉल कठड्यापासून हातभर अंतरावर थांबला.

तो काशीराम घाडींनी अडवला असं सोसायटी म्हणते, आणि ॲम्ब्रोज मिस्किटांनी अडवला असं गावठाण म्हणतं. हे भांडण अजून चालू आहे, आणि ते मिटावं असं कोणालाही वाटत नाही.